हँडलची थरथर

बाबा,

पाना पेटीत ठेवलाय, शोधत बसू नका. हँडल थरथरतं म्हणून तुम्ही वरचा स्क्रू इतका आवळलात, की ते वळेनासंच झालं. ‘हँडल वळावं, पण डुगडुगू नये,’ हे मला शिकवणारे तुम्हीच ना? बाजूचे स्क्रू सैल करून बेअरिंगं काढली, पुसली, ग्रीस लावून पुन्हा बसवली. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली; कुठे खट्ट नाही. चौकापर्यंत चालवूनही आले. हँडल निजल्या लेकरासारखं गप्प.

थरथर सायकलीत नाही, बाबा. काल तुमच्या कपातही होती.

संध्याकाळी लवकर येते, डॉक्टरांकडे जाऊ. तोवर सायकल काढू नका. चहा थर्मासमध्ये आहे. कप अर्धाच भरा.

— धाकटी