दाराची तार

कसाल,
२० सप्टेंबर १९८६

चि. धाकू यास,
अ. उ. आ.

ज्या लिफ्टने तुझ्या दादाला खाल्लं, तिचाच दांडा दत्ताराम मुकादमाने तुझ्या हाती दिला? नोकरी देऊन तुझं तोंड बंद केलंन वाटतं!

इथे बायका म्हणतात, घाई नडली, ह्यांनी स्वतःच लिफ्टच्या दाराचं बटण बांधलं आणि मेले. मुकादमाने साहेबांना तेच सांगितलं ना! मी हल्ली विहिरीवर कोणी नसताना जाते. तो मेला मुकादम रोज तुझ्या लिफ्टने वर जातो म्हणतोस. एकदा तुझा हात चुकू दे. पाप मला लागू दे.

सोलं धाडली आहेत, कढी करून पी. लोभ आहे, राग त्याहून जास्त. दोन्ही राहू देत.

तुझी वहिनी,
जानकी

वाकोला,
१५ ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

हात चुकवायलाच मी ही नोकरी धरली होती.

ही नव्या पद्धतीची लिफ्ट दार लागल्याशिवाय हलत नाही. पण दर खेपेला दार लावत बसायला कोणाला सवड? म्हणून खाली यंत्रावरचं दाराचं बटण तारेने दाबून बांधलेलं. शिवदासदादा सहाव्या मजल्यावर गाडा बाहेर काढत होता आणि उघड्या दाराने लिफ्ट सुटली ती त्यामुळे. मुकादमही मजला यायच्या आधीच दार उघडतो. दांड्याला एक हिसका दिला असता तर खलास. रोज मनात यायचं.

दसऱ्याला यंत्राची पूजा होती. रॉकेलने पुसताना मी तार काढून खिशात टाकली. नारळ फुटला आणि मुहूर्ताच्या खेपेला मुकादम गळ्यात हार घालून चढला. खाली बिल्डर, इंजिनीअर, सगळे बिगारी. पाचव्या-सहाव्याच्या मधे त्याने सवयीने दार उघडलं, लिफ्ट तिथेच अडकली. दार लाव, की सुरू. पण खाली बघून त्याची अशी गाळण उडाली की ते सुचेचना. मी खाली दांड्यापाशी हाताची घडी घालून उभा. बिल्डरने काय बिघडलं विचारलं, मी म्हटलं मुकादमांनाच विचारा. तेव्हा तो वरून बोंबलला की बटण बांध, शिवदासच्या वेळी मी बांधलं होतं तसंच बांध.

सगळ्यांनी ऐकलं. मग मी त्याला दार लावायला सांगितलं. त्याला कामावरून काढलं आहे, आणि इंजिनीअर माझ्याबरोबर चौकीवर येऊन ऐकलं ते सांगून आला.

जिवंत सोडला म्हणून रागावशील. रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकू

कसाल,
२४ ऑक्टोबर १९८६

चि. धाकू यास,
अ. उ. आ.

रागावले आहेच. पत्र घेऊन सकाळी भर गर्दीत विहिरीवर गेले आणि मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्यात जास्त बोलायची ती कुंदाकाकी. तिने गुपचूप माझी कळशी भरून दिली. मी ती तिच्या पायाशी ओतली आणि माझी मी भरली.

ती तार दांड्याशेजारी टांगून ठेव. नवा मुकादम येईल, त्याला रोज दिसू दे.

आणि लटकताना तो रडला की नाही, ते तू लिहिलंच नाहीस. उलट टपाली सगळं कळव, मग माया मागायला ये.

तुझी वहिनी,
जानकी