एकही बायोडाटा बाहेर फुटणार नाही

३ नोव्हेंबर
आजपासून मंडळाची वधू-वर नोंदणी माझ्याकडे. अध्यक्ष हिलालआबा स्वतः म्हणाले, लीलाधर, तूच बघ. अमळनेरात दुसरं आहे कोण! गेल्या वर्षी मुलींचे फोटो भलत्याच ग्रुपवर फिरले, मंडळाची पार शोभा झाली. आता दोन कॉम्प्युटर. एक नेटवाला, फॉर्म घ्यायला. दुसऱ्याला नेटच नाही, बायोडाटा सगळे त्यात. मध्ये पेनड्राइव्ह, तोही स्कॅन करूनच.

५ नोव्हेंबर
पहिला बायोडाटा माझाच चढवला. त्यात गैर काय? भुसावळची दिपमाला यंदा नाव नोंदवणार आहे. मेळाव्यात मला शेवभाजी पुन्हा घेताना बघून हसली होती. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. यंदा जमवायचंच! पण स्वतः फोन करणं शोभत नाही. रीतसर मंडळाकडूनच गेलं पाहिजे.

१२ नोव्हेंबर
नियम: बिननेटच्या कॉम्प्युटरमध्ये माहिती आत जाईल, बाहेर येणार नाही. बाहेर काढायची सुरक्षित पद्धत नंतर ठरवू. घाई काय आहे.

२० नोव्हेंबर
दिपमालाचा फॉर्म आला!! स्कॅन करून आत घेतला. माझ्या शेजारीच ठेवला.

४ डिसेंबर
मंदाबाई भांडून गेल्या. मुलीला अजून एक स्थळ कळवलं नाही म्हणे. सायबर सुरक्षा समजावली. डोक्यावरून गेली. आबाही म्हणाले, पोरेसनं लगीन लावनं शे का त्यासले तिजोरीमा ठेवनं शे? जुनी माणसं, चालायचंच.

१८ डिसेंबर
प्रिंट काढणार होतो. प्रिंटरला वायफाय निघालं. रद्द. आता स्क्रीनवर बघून हाताने उतरवायचं. आधी माझा, भुसावळला पाठवायला. अक्षर जरा सुधारलं की सुरुवात.

२ जानेवारी
अक्षर सुधारतंय. 'ज्ञ' अजून जमत नाही. पौषात तशीही बोलणी होत नाहीत.

२७ जानेवारी
दिपमालाचे वडील मगननाना पेढे घेऊन आले. साखरपुडा ठरला. धुळ्याचा मुलगा, तिच्या मामांनी आणलेलं स्थळ. मंडळाकडून काहीच आलं नाही, म्हणाले. पोरगी रोज विचारायची, अमळनेरच्या लीलाधरचा बायोडाटा आला का? शेवटी आम्हाला वाटलं, तुमच्याच मनात नाही.

पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. फार वाईट वाटलं.

ते गेल्यावर आबांनी विचारलं, यंदा काही बाहेर फुटलं तर नाही ना?

म्हटलं, नाही आबा. एक अक्षरसुद्धा नाही.