बुटक्या भोपळ्यांचे बी

मी, मंग क्वेइरोंग, वय चौऱ्याहत्तर, कै. सुन देहाय यांची पत्नी, राहणार लिऊचुआंग गाव, शानतुंग प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. गेल्या वर्षापासून मलाच त्याची तेवढी खात्री वाटत नाही.

१. घर मुलगी यानमै हिला. बँकेतली ठेव मुलाला. तो चिनानला राहतो आणि अंगणात सिमेंट ओतायची भाषा करतो, म्हणून त्याला घर नाही.

२. वाळवायच्या भोपळ्यांची साल खरवडायच्या बोथट सुऱ्या आणि मांडवाचे बांबू यानमैलाच. देठ मोडलेला भोपळा कोणी शोभेला टांगत नाही, हे तिने काढणीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

३. बुटक्या भोपळ्यांचे बी. मुठीत मावणारे, दोन पोटांचे, सरळ मानेचे फळ यावे म्हणून मी अकरा वर्षे बी निवडले होते. ते उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, असे घरात बजावले होते. तरी २००१ साली शेजारी छू वानफू यांच्या मांडवावर हुबेहूब तेच भोपळे लटकले.

"आमच्या भोपळ्यांना पाय फुटले वाटतं?" मी विचारले. ते पाठ फिरवून वेल बांधू लागले. मी मधली भिंत चार थरांनी वाढवली आणि बोलणे टाकले.

गेल्या वर्षी ऐन फुलोऱ्यात मी पडले आणि खुब्याचे हाड मोडले. सात आठवडे इस्पितळात गेले. ही फुले तिन्हीसांजेला उमलतात. नर फूल मादी फुलावर हाताने टेकवले नाही, तर फळ जेमतेम धरते. मी परतले तेव्हा मांडव लगडला होता. हाताने टेकवलेल्या फुलाला बांधतात तसा लाल दोरा प्रत्येक देठाला होता. भिंतीचे वरचे चार थर उतरवून विटा माझ्याच अंगणात नीट रचलेल्या होत्या.

"आई, मला नर-मादी तरी कुठे ओळखता येतं?" यानमै म्हणाली.

मी भिंतीपाशी गेले. पलीकडे छू उभे होते.

"माझ्या अंगणात कोण येत होतं?"

"भिंत तुम्हीच उंच केलीत, वहिनी. मला पलीकडचं काय दिसणार?" माझ्या तोंडाकडे बघत ते म्हणाले.

म्हणून हे बी आधी यानमैच्या नावे लिहिले, मग खोडून छू यांच्या नावे लिहिले. आज त्यांना साक्षीला बोलावले. कागद वाचून ते म्हणाले, "ज्याला काही मिळतं, त्याची साक्ष चालत नाही. माझं नाव काढा. बी आहे माझ्याकडे. देहायनंच दिलं होतं."

"मग इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"सांगू नकोस म्हणाला होता. तुम्हाला घाबरायचा तो."

खरे की खोटे? देहायला जाऊन दहा वर्षे झाली. विचारू कोणाला? बी यानमैला.

४. राग. शेजाऱ्यावरचा मागे घ्यावा की तोच नवऱ्यावर धरावा, ठरत नाही. हे कलम कोरे सोडत आहे. उलगडा झालाच, तर माझ्या हाताने भरीन. इतर कोणी भरू नये.

लिहून ठेवणार: मंग क्वेइरोंग (सही)

साक्षीदार: छू वानफू, शेजारी (सही)
फान श्याओलिंग, गावच्या दवाखान्यातील परिचारिका (सही)

लिऊचुआंग, १९ ऑक्टोबर २०२४