वरच्या पायरीचे सभासद

सान तादेओ,
सोमवार दुपार, जेवणानंतरची झोप सोडून

प्रिय मेहुण्या रुफिनो,

हिलारिओची लांबूनच घट्ट मिठी घे. तुझा गुडघा कसा आहे, दमट हवेत अजून कुरकुरतो का? इर्माचा रक्तदाब उतरला का, की अजून सगळ्यांची नजर चुकवून मीठ खाते? नीवेसची पाठ कशी आहे, आणि तिच्या नवऱ्याचं पोट? (जावईबापू अजून त्या दुसऱ्या संघाचा शर्ट घालून हिंडत असतील, तर तो आजार वेगळा; त्याची मी चौकशी करत नाही.) नातीचे पुढचे दात आले का? आणि मागच्या हिवाळ्यात मुका झालेला तुमचा तो कॅनरी पुन्हा गायला लागला का? एकेकाचं वेगवेगळं कळव. ‘सगळे मजेत’ असं एका ओळीत उरकू नकोस, या खेपेला मला तेवढ्यानं भागणार नाही. इकडे तुझी बहीण डेल्फिना ठणठणीत आहे. माझा डावा कान पूर्ण गेला आहे, पण घरात ती त्याच बाजूला बसते, त्यामुळे तक्रार नाही.

आता आपल्या फुटबॉल क्लबाचं. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी सभासदांची सभा आहे. संघाला खेळ शिकवणाऱ्या नव्या मास्तराला ठेवायचं की काढायचं, एवढा एकच विषय. अर्धे लोक ठेवा म्हणतात, अर्धे काढा म्हणतात. अध्यक्षांनी प्रकृतीचं कारण सांगून राजीनामा दिल्यामुळे सगळ्यात म्हातारा सभासद म्हणून मी खुर्चीवर आहे, आणि निकाल माझ्या एका हातावर अडकला आहे. आपण तळाशी आहोत. असेच राहिलो तर खालच्या गटात, जिथे गोलपोस्टला गाय बांधलेली असते तिथे खेळायला जावं लागेल. आणि मास्तराचं म्हणशील तर इथून हाकललेल्या माणसाला आपल्या अख्ख्या प्रांतात पुन्हा कोणी मैदानात उभं करणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. पण ते मला क्रमानं सांगू दे, नाहीतर तुला वाटेल की हिलारिओचं कानाबरोबर आणखीही काही गेलं.

मास्तराचं नाव बाल्तासार. उत्तरेकडून आला, बेकरीच्या वरच्या खोलीत राहतो, गरीब स्वभावाचा, उंच आणि किंचित वाकलेला, छताला डोकं लागेल अशा धास्तीनं उघड्यावरही वाकून चालतो. पहिला सामना हरलो तेव्हा आपले लोक म्हणाले, नवा आहे, बसू द्या घडी. दुसरा हरलो तेव्हा त्याचे बूट तपकिरी आहेत हे लक्षात आलं. तिसरा हरल्यावर पेत्रोनानं (मैदानाच्या फाटकाशी भाजलेलं सॉसेज पावात घालून विकते तीच, अजून विकते, अजून कच्चं ठेवते) त्याला येर्बाच्या कडू चहात साखर घालताना पकडलं. झालं. ती सगळ्या रांगेला ऐकवत होती, “साखर घालून पिणारा माणूस पोरांना बचाव काय शिकवणार? गोडगोड बोलून चेंडू परत मागेल फार तर.” पुढे पुढे तो रस्त्यानं दिसला की बायका छातीला हात लावून पुटपुटायच्या आणि पुरुषमंडळी अपशकुन टाळायला खिशात हात घालून जे करतात ते करायची. (ते तुला माहीत आहे. इथे लिहीत नाही, डेल्फिना कधीकधी मागे उभी राहून वाचते.) मीसुद्धा केलं. रेल्वेच्या फाटकावर जन्म काढलेला माणूस मी, धोका दिसला की हात आपोआप हलतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला खुपत होती. सामना सुरू होण्याआधी हा माणूस मैदानाच्या कडेला यायचा, टोपी काढायचा आणि आम्ही बसतो त्या पायऱ्यांकडे बघून झुकायचा. आम्हाला वाटायचं, आम्हालाच नमस्कार करतो आहे, म्हणून आम्ही आणखी जोरात शिट्ट्या मारायचो. अन्सेल्मो न्हाव्याच्या मात्र एकदा ध्यानात आलं की त्याची नजर आमच्या डोक्यांवरून जाते. वरच्या पायरीकडे.

वरच्या पायरीचं तुला सांगायला नको. आपला सभासद गेला की पहिल्या रविवारी त्याची बायको किंवा पोरगा त्याची सामन्याला बसायची उशी तिथे नेऊन ठेवतो, पहिला अर्धा सामना ती तिथे राहते, मग घरी नेतात. त्यानंतर ती जागा त्याची. तिथे कोणी बसत नाही, कोणी टेकत नाही, पाऊस आला तरी छपराखाली म्हणून तिथे कोणी चढत नाही. चूक आमची एवढीच झाली की हे बाल्तासारला कोणी सांगितलंच नाही. अशा गोष्टी कधी कोणी कोणाला सांगतो का? आपल्याला तरी कोणी सांगितल्या होत्या?

तर घरच्या मैदानावर दणकून हरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तो अन्सेल्मोकडे दाढीला बसला. गळ्यावर वस्तरा असताना न्हाव्यानं त्याला विचारलं (गावातली सगळी न्यायदानं याच खुर्चीत होतात) की मास्तर, चांगला खेळत असलेला पोरगा बाहेर काढून तो लंगडा आत का घातला? बाल्तासार म्हणाला, “वरच्या पायरीवरच्या गृहस्थांनी सुचवलं. मी त्यांचं ऐकतो. या गावात मला शिव्या न देणारे तेवढेच आहेत.” कोणते गृहस्थ? तर म्हणे, ते एक ठेंगणे, न पेटवलेली चिरूट चघळत बसतात आणि सारखं सांगतात, पुढे फेका, नुसता पुढे फेका.

रुफिनो, हा क्रिसान्तो. त्याला पुरून अकरा वर्षं झाली. अन्सेल्मोनं वस्तरा खाली ठेवला, दुकानाची फळी ओढली आणि सरळ माझ्याकडे आला. मास्तर बिचारा संध्याकाळपर्यंत एका गालाला साबण वाळलेला, तसाच गावभर हिंडत होता. लोकांना वाटलं, हरल्याचं दुःख.

तुला वाटेल आम्ही घाबरलो. घाबरलो, पण नंतर. आधी आम्ही संतापलो. जिवंत असताना ज्या क्रिसान्तोला शेवटपर्यंत ऑफसाइड समजला नाही, ज्यानं स्वतःच्या लग्नात सुद्धा चर्चच्या चुकीच्या दारातून प्रवेश केला, त्याच्या सल्ल्यानं आम्ही अख्खा हंगाम हरत होतो? पेत्रोना तर सॉसेजचा चिमटा हातात घेऊन पायऱ्या चढली आणि वरच्या पायरीसमोर उभी राहून रिकाम्या सिमेंटला म्हणाली, “क्रिसान्तो, तुझ्या बायकोनं तुला घरात कधी पडद्याचा रंग निवडू दिला नाही, आणि तू इथे संघ निवडतोस? गप बसायचं. नाहीतर उतरायचं.” आम्ही खालून हसत होतो. ती खाली आली तेव्हा हसत नव्हती. तिच्या शेगडीतले निखारे विझले होते, वारा नव्हता, आणि तिच्या अंगाला ओल्या तंबाखूचा वास येत होता. तिनं एवढंच सांगितलं की मी बोलत असताना कोणीतरी सरकून मला जागा दिली.

म्हणून दुसऱ्या सकाळी मी स्वतः वर गेलो. रात्रभर दव गोठलं होतं, सगळ्या पायऱ्या पिठासारख्या पांढऱ्या. वरची पायरीही पांढरी, पण सलग नाही. मधे मधे सिमेंट कोरडं, काळं, माणूस टेकेल तेवढ्या रुंदीचं. इकडे दोघे, मग क्रिसान्तोची ऐसपैस जागा, मग पोस्टमनची बारीकशी, मग पाद्रीबाबांची. मी त्या एका टोकापासून ओळखत गेलो, जसं आपण घरच्या बैठकीत कोण कुठे बसतो ते डोळे मिटून सांगू. मला भीती वाटली नाही, खरंच सांगतो. उलट बरं वाटलं, की मंडळी अजून येतात. शेवटच्या टोकाशी मात्र एक जागा जास्त होती. तिथे आम्ही कोणाचीही उशी ठेवलेली नाही. मी हात लावला. बाकीच्या गार होत्या. ही कोमट होती.

मी बेकरीवर गेलो आणि मास्तराला विचारलं, “वर तो नवीन कोण येऊन बसतोय?”

तो इतक्या आशेनं म्हणाला, “तुम्हालाही दिसतो?” की मला खोटं बोलवेना आणि खरंही. मी म्हटलं, जागा दिसते.

तेव्हा त्यानं सांगितलं. अलीकडेच यायला लागला. नाव विचारलं नाही. भला माणूस, कमी बोलतो, पण बोलतो ते नेमकं. फक्त पेनल्टी मिळाली की मैदानाकडे पाठ फिरवून उभा राहतो, धान्याच्या कोठारांकडे बघत, आणि शेजाऱ्याची बाही ओढून विचारतो, “गेला का? सांग ना, गेला का?”

मेहुण्या, मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसलो. अख्ख्या गावात, अख्ख्या जन्मात, पेनल्टीला पाठ फिरवणारा एकच माणूस मी पाहिला, आणि ती बाही माझी असायची. तू गाव सोडून लेकीकडे समुद्रावर राहायला गेलास तेव्हा हा बाल्तासार इथून कुठल्या कुठे, उत्तरेत होता. त्यानं तुला पाहिलेलं नाही, तुझं नाव ऐकलेलं नाही.

आणि आता खरी पंचाईत ऐक. त्या नव्या माणसानं सुचवलं म्हणून मास्तरानं संघातल्या त्या जाड्या, डाव्या पायाच्या पोराला मधे आणलं. पहिल्यांदा बरोबरी झाली. मग जिंकलो. मग काल समोरच्यांच्या मैदानावर जिंकलो, जिथे तू आणि मी कधी जिंकताना पाहिलं नाही. मी अन्सेल्मोजवळ बोलून बसलो होतो, त्यानं तोंड मिटलं नाही, मी अडवेपर्यंत पायऱ्यांवर सगळ्यांना कळलं होतं की वरचा नवा सभासद कोण. आता निम्मे म्हणतात, मास्तर राहिलाच पाहिजे. पेत्रोना तुझ्यासाठी मेणबत्ती लावते, काल मी कानांनी ऐकलं (उजव्या): “देव रुफिनोला शांती देवो, पण हंगाम संपेपर्यंत तिथेच ठेवो.” उरलेले अन्सेल्मोच्या बाजूचे. त्याचं म्हणणं असं की हा मास्तर संघ आमच्यातूनच निवडतो आहे. अडला की एकाला वर बोलावून घेतो. आज रुफिनो, उद्या आणखी कठीण सामना आला तर कोण? असं म्हणून तो माझ्याकडे बघतो. खुर्चीवर बसलेल्या अध्यक्षाकडे असं बघणं शिस्तीला धरून नाही.

फोन केला नाही असं समजू नकोस. किराण्याच्या दुकानातून तुमच्या घरचा नंबर लावला. बराच वेळ वाजला, मग कोणीतरी उचलला, आणि बोललं नाही. लांबून एक बारीक शिट्टी ऐकू आली, लांबलचक, आणि फोन बंद. अन्सेल्मो म्हणतो किटली. पेत्रोना म्हणते पंच. पुन्हा लावायची माझी हिंमत झाली नाही.

आता माझा हात मी कसा वर करू सांग. तू धडधाकट असलास, तर बाल्तासारला नाही ते दिसतं असं ठरेल, आणि त्याला गाठोडं बांधून स्टेशनवर पोचवायला मलाच जावं लागेल. आणि तो खरा ठरला, तर तो राहील, आपण वरच्या गटात राहू, गाव नाचेल, आणि त्या गर्दीत मी एकटा डेल्फिनाला काय सांगू याचा विचार करत उभा राहीन. क्लबावर माझं किती प्रेम आहे तुला माहीत आहे. तरी, मेहुण्या, गाय बांधलेल्या गोलपोस्टवर खेळू आपण. मला त्याचं काही नाही.

सगळ्यांना आठवण सांग. नातीला माझ्याकडून पापा.

तुझा,
हिलारिओ

ता. क. डेल्फिनाला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं मी जाड्या डाव्या पोराबद्दल लिहितो आहे. ती तुझ्यासाठी स्वेटर विणते आहे आणि छातीचं माप विचारते. तेवढं नक्की लिही. ती रोज विचारते आणि मी रोज म्हणतो, टपाल उशिरा येतं.

आणखी एक. काल झोप लागेना तेव्हा सुचलं. तू रविवारी जेवून आडवा होतोस का? आणि झोपेत कुठे जातोस? तुझा देह तिकडे खाटेवर घोरत असेल आणि तू इकडे येऊन बसत असशील, तर तसं स्पष्ट लिही. मग मी सभेत सांगेन की मास्तरानं जिवंत सभासदाचा सल्ला घेतला, जो नियमात बसतो. तो राहील, तूही राहशील. फक्त इर्माला सांग, रविवारी दुपारी तुला उठवायचं नाही.

मंगळवार. पाकीट चिकटवायच्या आत हे घालतो आहे. सराव संपवून बाल्तासार आत्ताच दारात येऊन गेला, आत आला नाही, टोपी हातात. म्हणाला, वरच्या पायरीवरच्या त्या गृहस्थांचा तुमच्यासाठी निरोप आहे: पत्र वाचलं, क्रिसान्तोबद्दल लिहिलंस ते त्याला फार लागलं. पत्र कालपासून माझ्या उशीखाली आहे. डेल्फिनानंसुद्धा पाहिलेलं नाही. मी हे पाकीट तरीही पोस्टात टाकतो आहे. तू लगेच, तुझ्या हातानं, दोन ओळी का होईना उत्तर लिही आणि ते टपालानंच पाठव. मास्तराकडे निरोप देऊन भागवू नकोस.