प्रभंजन फॅन्सचा पाच वाजताचा भोंगा

पापडी, वसई
३ नोव्हेंबर २०२४

चि. सुधाकर यास,
अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण फोनवर तू हं म्हणतोस आणि ठेवतोस. पत्राला निदान तिकीट लावावं लागतं, म्हणून चार ओळी तरी लिहिशील.

बातमी अशी की आपल्या प्रभंजन फॅन्सने पुन्हा बास्केटबॉलचा संघ काढलाय. आता शेठचा नातू मालक आहे. नव्या खासगी लीगमध्ये उतरणार आहेत. या खेळाडूंना पंखे बनवावे लागत नाहीत, नुसतं खेळायचं. त्यांना आहारतज्ज्ञसुद्धा दिलाय. तुम्हाला कँटीनमधून दोन उकडलेली अंडी मिळायची आणि त्यातलं एक आमच्या टाइम ऑफिसचा हरेश खायचा.

जुन्या संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून नव्हे. बाकीचे जाणकार एक तर वारले, नाहीतर मुलांकडे कॅनडात आहेत. कंपनीची विनिता म्हणून मुलगी आहे, ती दर सोमवारी विचारते, काका, किती पानं झाली. सतरा झाली. शेजारची हिल्डा टाइप करून देते आणि माझ्या वाक्यांना हसते.

चौऱ्याहत्तर साली मैदान केलं, पापडी-गासची उंच पोरं शोधून नोकरीवर घेतली, सकाळी सराव आणि दुपारी पंख्यांच्या मोटरचं वाइंडिंग, हे सगळं आलंय. त्र्याऐंशी ते एक्याण्णव तू कॅप्टन होतास. तुझ्या आठवणी कळव. प्रकाशन १२ जानेवारीला, कारखान्यातच. तू, प्रेमला आणि अनुज, तिघांनी यायचं. तेहेतीस वर्षांत तू या घराचा उंबरा ओलांडलेला नाहीस. सुनंदा म्हणते, आता आम्ही म्हातारे झालो, एवढं तरी कर.

लोभ आहेच, तो वाढला तर माझी हरकत नाही.

तुझा दादा,
दिनानाथ

* * *

गुहागर
१४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मैदान चौऱ्याहत्तरला नव्हे, पंचाहत्तरला झालं. अंडं हरेश खायचा नाही, मी त्याला द्यायचो. मला आवडत नव्हतं.

एक्याण्णवच्या फायनलबद्दल काय लिहिलंयस ते जसंच्या तसं पाठव. बाकी आठवणी काही नाहीत. स्टेशनरीचं दुकान ठीक चाललंय. अनुज चिपळूणला नोकरीला आहे, शनिवार-रविवार येतो. बारा तारखेला जमणार नाही.

वहिनींना नमस्कार.

सुधाकर केशव चुरी

* * *

पापडी
२२ नोव्हेंबर २०२४

चि. सुधाकर यास आशीर्वाद.

सख्ख्या भावाला पत्र लिहिताना वडिलांचं नाव घातलंस, ते बरं केलंस. नाहीतर कुठला सुधाकर हे मला कळलं नसतं.

तू मागितलेलं वाक्य असं आहे: 'सन १९९१च्या औद्योगिक चषकाच्या अंतिम सामन्यात काही अपरिहार्य कारणांमुळे संघाला एका गुणाने पराभव पत्करावा लागला व पुढे संघ बंद करण्यात आला.' विनिताला फार आवडलं. यात कोणाला बोल लागलेला नाही. आता तरी राग सोड आणि ये. केळ्यांची सुकेळी वाळवून ठेवलीत, गेल्या वर्षीपेक्षा गोड झालीत.

आठवणीने उत्तर लिही.

दादा

* * *

गुहागर
२ डिसेंबर २०२४

ती. भाऊजींस,
प्रेमलाचा शि. सा. न.

हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितेय. यांना ठाऊक नाही.

तुमचं वाक्य वाचून हे दोन दिवस जेवले, दुकानात गेले, गिऱ्हाइकांशी बोलले, फक्त माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले की अपरिहार्य म्हणजे काय ते दादाला विचार.

भाऊजी, मी त्या दिवशी प्रेक्षकांत होते. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते. सगळ्या कारखान्यासमोर शेठनी यांना विचारलं की चेंडू खाली का ठेवलास. हे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही टेबलावर स्टॉपवॉच घेऊन बसला होतात. तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं, आणि अजून ऐकू येतं.

महिन्याभरात संघ मोडला. ज्यांची नोकरी खेळावर होती ती पोरं घरी गेली, आणि त्यांच्या आयांनी रस्त्यात यांना तोंडावर बोल लावला. यांना पॅकिंगला टाकलं. वर्षभर सोसलं आणि मग माझ्या माहेरी आलो. भोंगा कोणाच्या हुकमाने वाजला ते यांना तेव्हाच कळलं होतं, हरेशने रडत सांगितलं होतं. त्याचा यांना राग नाही. तुम्ही आपलं नाव राखायला भावाचं नाव पुढे केलंत, त्याचा आहे.

आमच्या अनुजला बाप खेळायचा हेसुद्धा माहीत नाही. घरात एक फोटो ठेवू दिला नाही यांनी. माणूस आपल्याच आयुष्यातली वर्षं पुसून बसलाय, भाऊजी. मला ते बघवत नाही.

जास्त लिहिलं असेल तर मोठ्या मनाने घ्या. खरं मात्र तेवढंच आहे. सुनंदाताईंना माझा नमस्कार.

आपली,
प्रेमला

* * *

पापडी
१२ डिसेंबर २०२४

चि. सुधाकर यास,
आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही, तरी दिले समज.

कोणी काही सांगितलं म्हणून लिहीत नाही, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. सांगितलं म्हणूनच लिहितोय.

आपल्या वसाहतीची सुट्टी शुक्रवारची. पण पाहुण्यांच्या सोयीने फायनल बुधवारी ठेवली, म्हणजे कारखाना चालू. मी टाइम ऑफिसचा माणूस, हजेरी आणि भोंगा माझ्याकडे, म्हणून वेळ बघायला टेबलावर मला बसवलं. भोंग्याची किल्ली मी हरेशला दिली आणि सांगितलं, बरोबर पाचला वाजव, एक सेकंद इकडेतिकडे नको. सामना साडेचारला संपायचा होता. प्रमुख पाहुणे पंख्याच्या शोधावर चाळीस मिनिटं बोलले.

पाचला पाच कमी असताना भिंतीवरचं घड्याळ मला दिसलं. हरेशकडे एक माणूस पाठवला असता तर काम झालं असतं. पण सुधा, माझा भोंगा एकोणीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. तो त्या दिवशी चुकावा असं मला वाटेना. मनात म्हटलं, त्याआधी संपेल.

चौदा सेकंद उरले होते, आपण एकाने पुढे होतो. भोंगा झाला. तू चेंडू खाली ठेवलास आणि आपले पाचही जण कार्ड पंच करायला गेटकडे निघाले. सरावसुद्धा तुम्ही भोंग्यावरच थांबवायचात, तुमचे पाय तसेच वळलेले होते, आणि ते वळण मीच लावलं होतं. समोरच्या, ठाण्याच्या संघातल्या पोरांनी चेंडू उचलून बास्केट केली. पंच म्हणाले, वेळ संपलेली नाही. ते बरोबर होते. माझं घड्याळही बरोबर होतं.

शेठनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, भोंगा रोजच वाजतो, कॅप्टनने घड्याळ बघायला हवं होतं.

एवढं एक वाक्य. आता मी 'अपरिहार्य कारणांमुळे' खोडून खरं काय ते माझ्या नावानिशी लिहिलंय. तू ये म्हणायचा हक्क मला नाही. वाचशील एवढंच म्हणतो.

दिनानाथ

* * *

पापडी
१३ जानेवारी २०२५

चि. सुधाकर,

काल प्रकाशन झालं. तुला वाटेल तू न आल्याने अडलं असेल. अडलं नाही. समोसे वेळेवर आले.

पुस्तक हातात घेतलं, सतरावं पान उघडलं. माझं वाक्य गायब, 'अपरिहार्य कारणांमुळे' परत आलेलं. विनिताला विचारलं. ती म्हणाली, काका, निगेटिव्ह वाटत होतं, आणि वर फोटोला जागा हवी होती. फोटो मालकाच्या कुत्र्याचा आहे. तो नव्या संघाचं बोधचिन्ह आहे.

मला दोन मिनिटं बोलायला दिली होती. मी उभा राहिलो आणि खिशातल्या कागदावरून वाचलं, 'एक्याण्णवचा सामना संघ कॅप्टन सुधाकर चुरी यांच्यामुळे हरला नाही. टाइमकीपर दिनानाथ चुरी यांनी भोंगा थांबवला नाही, आणि विचारल्यावर दोष भावावर टाकला.' नव्या खेळाडूंना कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत हरेश बसला होता, काठी घेऊन. तो उठून म्हणाला, वाजवला मी, पण सांगितलं यांनी होतं. मालक मोबाइलमध्ये बघत होते. मग समोसे.

सोबत पुस्तक पाठवतोय. सतराव्या पानावर ते शब्द खोडून शाईने खरं लिहिलंय. विनिताकडून वाटायच्या उरलेल्या प्रती मागून आणल्या, दोनशे दहा आहेत. रोज वीस करतो. सुनंदा पानं उघडून देते.

तुझा,
दादा

* * *

गुहागर
२४ जानेवारी २०२५

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

पुस्तक शनिवारी आलं. मी सतरावं पान वाचलं आणि दुकान बंद करून घरी आलो. प्रेमलाला वाटलं छातीत दुखतंय. रडत होतो, दुसरं काही नाही.

अनुज घरी होता. त्याच्या हातात दिलं. त्याने पहिल्यापासून वाचायला घेतलं. मधेच मान वर करून विचारलं की हे कॅप्टन सुधाकर चुरी म्हणजे बाबा, तुम्हीच का. मी म्हटलं, मीच. त्याने पुढचं सगळं वाचून काढलं.

तुला एक गोष्ट माहीत नाही. तो दहावीत असताना त्याच्या शाळेचे सर घरी आले होते. मुलगा उंच आहे, हात चांगला आहे, बास्केटबॉलला द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. कारण दिलं नाही. तो आठ दिवस जेवायला माझ्या शेजारी बसला नाही, मग विसरला असं मी धरून चाललो.

पुस्तक मिटून त्याने एवढंच विचारलं, म्हणून का? मी म्हटलं, म्हणून.

तुझी चूक तू सभेत वाचलीस. माझी मला घरातल्या घरात धड बोलता आली नाही. आम्ही तिघं १ तारखेला येतोय. त्याला मैदान बघायचंय. मी सोबत येईन, पण आधी तू त्याच्याशी बोल. सुरुवात कशी करायची ते तुला आता जमतं.

तुझा,
सुधा