पूल ठणठणीत आहे

३ फेब्रुवारी
नदीवरच्या पादचारी पुलाला आज सहा सेन्सर बसवले. पुलाचे कंप मोजायचे. ते मंदावले की समजायचं, आत कुठेतरी इजा आहे. आजचा आकडा सेकंदाला ४.२०. हीच निरोगी अवस्था. पाच टक्के घसरला तर माझ्या फोनवर घंटा वाजेल. वाजणार नाही. निवृत्तीपूर्वी मे महिन्यात परिषदेत निबंध वाचणार: ‘इशाऱ्याविना शंभर दिवस’.

२ मार्च, सकाळी
वाजली. ३.९८.
ऊन वाढलंय. लोखंड उन्हात जरा सैल होणारच. आजचा आकडा निरोगी धरला, घंटा गप्प. जुनी नोंद पुसून टाकली. शाळेत सिस्टर खाडाखोडीची वही परत करायच्या, तेव्हापासून मला पसारा सोसत नाही. आकडा निरोगी, म्हणजे घंटा चुकून वाजली. शंभराची मोजणी चालू.

५ मार्च
नणंद याच पुलावरून दवाखान्यात ड्यूटीला जाते. जेवताना म्हणाली, वहिनी, तुझा पूल डुलतो गं. म्हटलं, जरा हलक्या पावलांनी चाल. तिचं वजन वाढलंय, हे बोलले नाही.
निश्चय: उद्या स्वतः पुलावर जायचं.

६ मार्च
मीटिंग. शिवाय यंत्र असताना गुडघे कशाला झिजवा? माझे पहिले साहेब पुलावर हातोडी मारून, डोळे मिटून आवाज ऐकत उभे राहायचे. किती गोड माणूस. किती अशास्त्रीय.

९ एप्रिल, ११.२०
घंटा. ३.७८. पुलाचं वय झालंय. माझीही चाल मंदावलीय, म्हणून मला कोणी बंद करत नाही.
निरोगी: ३.७८.

२८ एप्रिल
नणंद आता लांबच्या पुलावरून जाते, अर्धा तास आधी निघून. म्हणाली, तुझा निबंध होऊ दे, मग सवडीने बुडेन. या घरात शास्त्राची कदर नाही.
निश्चय: रविवारी तिला हाताला धरून पूल पार करून दाखवायचा.

३ मे, रविवार
दाखवायला नेलं. मध्यावर झाडूवाली होती. म्हणाली, बाई, हल्ली इथला केर भरावा लागत नाही, या फटीतून आपोआप खाली जातो. फट पूर्वी नव्हती म्हणे.
बोट घालून पाहिलं. अख्खं गेलं. नणंदेने दंडाला धरून मला मागे ओढलं, काठापर्यंत सोडलं नाही.
घंटा वाजली नव्हती.

११ मे
पूल बंद. आताच्या साहेबांनी पहिल्या दिवसाची नोंद मागितली. तोंडी सांगितली. निबंध रद्द. मला पुलाच्या तोंडाशी खुर्ची मिळाली आहे. काम, लोकांना परत पाठवणे.
आज एक आजोबा भांडले. एवढी यंत्रं लावलीत, ती काय म्हणतात ते सांगा!
फोन उघडून पाहिला. पूल निरोगी.
म्हटलं, आजोबा, वळसा घालून जा.