उरलेलं कापड खिशात

सोमवार, ३ फेब्रुवारी

आधी आली ती वरच्या मजल्यावरची. चपला दारात भिरकावल्या आणि म्हणाली, आजी, तुम्ही फोनवर आलात. मी म्हटलं, मी तर गेल्या वर्षीपासून आहे, तुला आज दिसले. तसं नाही म्हणे, त्या शिलाई मशीनच्या कंपनीच्या पेजवर. तिच्या पाठोपाठ कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. छाती बेचाळीस, सांगतो चाळीस. तोही तेच बोलला. मग सूनबाई ओल्या हातांनी धावत बाहेर.

बघितलं. माझेच हात. अंगठ्याच्या चिरलेल्या नखावरून ओळखले, नखावर कात्री पडली होती ना. हाताने काज करतेय. पाच लाख लोकांनी बघितलं. ह्यांच्या टेलरिंगच्या दुकानात जन्मभरात तेवढी बटणं लागली नसतील.

आपण होऊन उचललं त्यांनी, न विचारता. चांगल्या वस्तूला कोण विचारत बसतं.

वही ह्यांचीच आहे, दुकानातली, मापांची. मागची पानं कोरी होती. चौथी अर्धी सोडलेल्या बाईला पुरतील.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नात कॉलेजातून आली ती तणतणत. म्हणाली, आजी, चोरी आहे ही. वर गाणं घातलंय आणि आजोबांचा आवाज कापलाय.

तेवढं मला काल कळलं नव्हतं. गाण्यात गुंगले होते.

तो व्हिडिओ तिनेच माझ्या फोनवर काढलेला, हे होते तेव्हा. मी काजाच्या कोपऱ्यावरची गाठ घेतेय आणि मागून हे म्हणतात, झालं का गं, गिऱ्हाईक म्हातारं झालं. मग हसतात. सहा सेकंद. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि आवाज तेवढाच उरलाय. फोनमधून मी तो काढून टाकला, कारण फोन सारखा जागा नाही जागा नाही म्हणून कुरकुरत होता. पण नातीने गेल्या वर्षी टाकलेला माझ्या अकाउंटवर आहे. कपाटाला वाळवी लागते, अकाउंटला लागत नाही.

नात म्हणाली, अकाउंटवरून आत्ताच्या आत्ता माझ्या फोनात उतरवून घेऊ. मी म्हटलं, उद्या. आज वरच्या मजल्यावरचीच्या बहिणी यायच्यात हात बघायला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बहिणी आल्या. तिघी. हात दाखवले. उतरवायचं राहिलं. उद्या नक्की.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कंपनीच्या पेजवर लिहिलंय, आमची खास पद्धत. वाचून बरं वाटलं. आमची म्हणाले, म्हणजे घरातली समजतात मला. खरं सांगायचं तर कोपऱ्यावर एक गाठ जास्त घ्यायची ती युक्ती सासूबाईंची, आणि सासूबाईंनी ती समोरच्या बाईच्या खिडकीतून बघून उचललेली. त्या बाईला मरेपर्यंत पत्ता नव्हता. तेव्हा मी कुणाला काय बोलणार.

गंमत म्हणजे हाताचं काज दाखवून विकतात मशीन. काज आपोआप करणारं. नात हसली नाही. मी हसले.

खाली कमेंट टाकली : हे माझे हात आहेत. मग दुसऱ्या फोटोखाली टाकली. मग तिसऱ्या. कंपनीला पत्ता लागायला नको का. एकूण एकेचाळीस झाल्या. डोळे दुखले म्हणून उतरवायचं राहिलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

अकाउंट उघडलं. व्हिडिओच्या जागी करडा चौकोन. नातीने वाचून दाखवलं : हा व्हिडिओ दुसऱ्या कुणाच्या मालकीचा असल्याने काढून टाकला आहे.

म्हटलं, दुसरं कोण. तर म्हणे कंपनी. त्यांचा आणि तुझा व्हिडिओ सारखाच आहे, त्यांनी तो आपला म्हणून नोंदवलाय, मग तुझा ठरला चोरीचा.

म्हणजे काय जपतात बघा. माझी वस्तू, आणि मलासुद्धा हात लावू देत नाहीत.

सूनबाई म्हणाली, आई, अहो आवाज गेला ना बाबांचा. मी म्हटलं, जातोय कुठे, ठेवलाय कुणीतरी आत. तिने तोंड फिरवलं. हळवी आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नातीने अटी काढल्या. अकाउंट उघडताना मी हो म्हटलं होतं म्हणे. म्हटलं असेन, चांगल्या कामाला मी नाही म्हणत नाही. पहिल्याच ओळीत स्वच्छ लिहिलंय, मालक तुम्हीच. मी म्हटलं, बघ, उगाच भांडत होतीस. मग ती पुढचं वाचायला लागली : पण आम्ही तो जगात कुठेही, कितीही, फुकट वापरू, कापू, बदलू, आणि हवं त्याला देऊ.

आता हे मला कळतं. टेलरची बायको आहे मी. गिऱ्हाईक कापड देतं, कापड त्याचंच राहतं. आपण कापतो, बदलतो, शिवतो. पण हे काय करायचे, उरलेला तुकडा, मग तो रुमालाएवढा का असेना, सदऱ्याच्या खिशात घालून परत द्यायचे. दुसरे टेलर हसायचे ह्यांना. तर ह्यांचा आवाज म्हणजे तसा उरलेला तुकडा. कंपनीला लागला नाही म्हणून कापला. परत येईल.

नात म्हणाली, आजी, ते असे टेलर नाहीत. लहान आहे अजून.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

व्हिडिओ परत मागितला होता, त्यावर मालकी सिद्ध करा असं आलंय. नातीने माझ्या अंगठ्याचा फोटो काढून पाठवला, सोबत सुई आणि ह्यांचा शेवटचा सदरा. दोन सेकंदांत उत्तर. आम्ही काळजीपूर्वक तपासलं, निर्णय कायम आहे. दोन सेकंदांत काळजीपूर्वक. किती माणसं ठेवली असतील कामाला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी, संध्याकाळ

आले. कंपनीचे आले. माझ्या कमेंटी वाचून. मी म्हटलं होतं की नाही.

एक मुलगा, छाती छत्तीस, कोट उसना, कारण खांदा दोन बोटं खाली. एक बाई, अडतीस, फार गोड बोलणारी. घरात मी एकटीच. चहा केला. कोपऱ्यावरची गाठ दाखवली. बाई म्हणाली, आजी, तुम्ही आमच्या कंपनीचा चेहरा आहात. मी म्हटलं, चेहरा कुठे दिसतो त्यात. तर म्हणे, मग हात आहात.

एक कागद पुढे केला. लोक विचारतात, हात कुणाचे, म्हणून आपली एक सही. इतक्या थोरामोठ्यांनी सही मागितल्यावर मी चार ठिकाणी केली, पूर्ण नावाची, काना-मात्रा न चुकवता. अर्धवट वाचलाही कागद. हात, आवाज असं काहीतरी होतं. म्हणजे आवाजाचं त्यांना माहीत आहे.

तरी सांगितलंच. मागून एक माणूस बोलतो, तेवढं लागलं नाही ना तुम्हाला, ते परत द्या. मुलगा म्हणाला, ते डिस्टर्बन्स होतं ना, काढलं आम्ही. बाईने त्याच्याकडे बघितलं. मग मला म्हणाली, शोधायला सांगते हं, बुधवारी आम्ही परत येऊ. वहीत लिहूनही घेतलं. निदान पेन तरी हललं.

जाताना एप्रन दिला. निळा, शिवण सरळ, वर माझेच हात छापलेले. पुढे मोठा खिसा.

ती दोघं जिना उतरेपर्यंत थांबले. मग खिशात हात घातला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मग आतून उलटा केला.

घाईत राहिलं असेल.

नात आल्यावर कागदाचं सांगितलं. तिने एप्रन घडी करून ठेवला आणि माझा अंगठा हातात धरून बसली. कॉलेजात काहीतरी झालं असणार.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सकाळपासून दार उघडं ठेवलंय. चार कप बाहेर काढले. वरच्या मजल्यावरची दोनदा डोकावली, आले का. येतील. ह्यांचा सदरा समोर ठेवलाय, म्हणजे आवाज ऐकवतील तेव्हा कुणाचा ते त्यांना कळेल.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

कप उचलून ठेवले. एकच बाहेर राहू दिलाय. 

आज ह्यांचं वाक्य मीच मोठ्याने म्हणून बघितलं. झालं का गं. शब्द बरोबर आले. हसणं जमेना, ते हे नाकातून हसायचे.

चूक त्यांची नाही. ते बुधवार म्हणाले होते, आणि कुठला बुधवार ते विचारायचं माझंच राहिलं. पुढचा पाच तारखेला आहे.